तारामतीचा आवाज

पहिल्या तारामतीला रोज दाढी करावी लागत असणार. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला घेतला तेव्हा कॅमेऱ्यासमोर उभी राहील अशी एकही बाई त्यांना मिळेना. शेवटी मुंबईतल्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या नजरेत भरले. अंगाने नाजूक, हात बायकी. दहा रुपयांवर राबणाऱ्या या माणसाला फाळक्यांनी पंधरा रुपये कबूल केले आणि हरिश्चंद्राची राणी तारामती करायला लुगडं नेसवलं, असं सांगतात. गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी लोकांनी ही तारामती पाहिली आणि तिच्या दुःखाने ते हळहळले. तिला बोलायचं नव्हतंच. मूकपट होता.

त्या दिवशी त्याच गिरगावात, कांदेवाडीत, लाडांच्या घरातली एक मुलगी आठ वर्षांची होती. वडील सॉलिसिटर, मूळ घराणं गोव्याचं, घरात बोली कोकणी. पुढे ती कॅथीड्रल हायस्कुलात इंग्रजीतून शिकली, सेंट झेवियर्स कॉलेजात गेली आणि खोट्यांच्या श्रीमंत घरात सून म्हणून आली. पहिल्या तारामतीनंतर एकोणीस वर्षं भरायच्या आत, ६ फेब्रुवारी १९३२ ला, गिरगावातल्याच मॅजेस्टिक सिनेमात कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ लागला. हरिश्चंद्र तोच, गोष्ट तीच, लिलाव तोच. तारामती मात्र आता दुर्गा खोटे होत्या, आणि त्या बोलत होत्या. मराठीतला हा पहिला बोलपट.

या दोन तारामतींमध्ये बाई आणि पुरुष एवढाच फरक आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. खरं तर मधल्या काळात पडद्यावर बायका आल्या होत्या. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे विक्रम गोखल्यांच्या आजी, काम करून गेल्या होत्या. पण त्या नाटकातून आलेल्या. सिनेमातली बाई म्हणजे ‘तसली’ हे समीकरण त्यानंतरही कायम होतं. ते मोडलं कॉलेजात शिकलेल्या, सॉलिसिटरच्या मुलीने. हे सगळे सांगतात आणि बरोबरच सांगतात. मला जास्त नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. साळुंक्यांचा चेहरा पडद्यावर उमटला, आवाज विरून गेला. दुर्गा खोट्यांचा आवाज मात्र आपण आज, त्या गेल्यावर तीसहून अधिक वर्षांनी, बसल्या जागी ऐकू शकतो. तो त्या फिल्मवर बसला कसा?

त्याचं उत्तर जादूटोण्याच्या जवळ जाणारं आहे. आवाज म्हणजे हवेची थरथर. मायक्रोफोन त्या थरथरीची वीज करतो. ती वीज एका बारीक प्रकाशझोताला नाचवते, आणि तो नाचरा झोत कच्च्या फिल्मच्या कडेवर पडतो. फिल्म धुतली की चित्रांच्या बाजूला जेमतेम अडीच मिलिमीटर रुंदीची एक पट्टी दिसते. पट्टीवर कुठे गडद, कुठे फिकट अशा रेघा, किंवा करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी कड. तोच आवाज. थिएटरात या पट्टीच्या एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश पडला की वीज देणारी काचेची नळी असते. रेघा सरकतात तसा प्रकाश कमीजास्त होतो, त्याप्रमाणे वीज कमीजास्त होते आणि पडद्यामागचा कर्णा बोलू लागतो. तारामतीचा हुंदका मधल्या सगळ्या वेळात काळ्या-पांढऱ्या रेघांच्या रूपात निजलेला असतो. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली म्हणतात. इथे कोल्हापुरातल्या चार-पाच माणसांनी उजेडाला बोलायला लावलं.

आणखी एक गंमत. फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी नसतात. चित्र दाखवायला फिल्म क्षणभर थांबावी लागते. सेकंदाला चोवीस वेळा ती थांबते आणि पुढे उडी मारते. आवाजाला असे हिसके चालत नाहीत, त्याला संथ, अखंड धार लागते. म्हणून आवाज वाचणारा दिवा प्रोजेक्टरमध्ये वेगळ्या जागी बसवतात आणि फिल्मवर आवाज चित्राच्या साधारण वीस चौकटी पुढे छापतात. म्हणजे सव्वा फुटाचं अंतर. पडद्यावर तारामतीचे ओठ हलतात त्या क्षणी तिचा शब्द यंत्रात सव्वा फूट पुढे पोचलेला असतो, आणि आपल्याला दोन्ही एकदमच आल्यासारखे वाटतात.

पण ही झाली यंत्राची करामत, माणसांचे हाल वेगळेच. १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ लागला, हिंदुस्थानचा पहिला बोलपट. त्याचं चित्रण रात्री एक ते चारच्या दरम्यान चाले, कारण स्टुडिओजवळून रेल्वे जायची आणि तेव्हाचा मायक्रोफोन राजकुमारीचा संवाद आणि लोकलचा खडखडाट यांत भेदभाव करत नसे. कॅमेऱ्याचीही घरघर व्हायची, म्हणून जगभर कॅमेरे पेट्यांत किंवा खोक्यासारख्या खोल्यांत कोंडले गेले. मूकपटात मुक्तपणे फिरणारा कॅमेरा बोलपटात अचानक लंगडा झाला. नटांचंही तेच. मायक्रोफोन कुठेतरी झाडाच्या फांदीमागे, खांबाआड, फुलदाणीत लपवलेला. त्याच्यापासून दोन पावलं दूर गेलं की आवाज गेला, तोंड फिरवलं की आवाज गेला. अभिनय करायचा तो माईकच्या दाव्याला बांधलेल्या गाईसारखा, आणि तरी प्रेक्षकाला दावं दिसता कामा नये.

गाणं तर कठीणच. पार्श्वगायन तेव्हा नव्हतं. पडद्यावर जी बाई गाताना दिसते तिनेच, त्याच क्षणी, कॅमेरा चालू असताना गायचं. वादक चौकटीबाहेर, सेटच्या कडेला. तबल्याचा ठेका चुकला, गायकाचा सूर हलला, कुणी खोकला, तर सगळं पहिल्यापासून. आवाज वेगवेगळे घेऊन नंतर हवे तसे जुळवायची सोय नाही, मागून भर घालता येत नाही. ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गाबाई स्वतः गायल्या आहेत. समोर हरिश्चंद्र कोण, तर गोविंदराव टेंबे. संगीत नाटकांची अवघी परंपरा ज्यांच्या बोटांवर आणि गळ्यात खेळत होती ते टेंबे, आणि या चित्रपटाचे संगीतकारही तेच. त्यांच्यासमोर उभं राहून गायचं आणि अडकायचं नाही! गाण्याच्या बाबतीत दुर्गाबाई टेंब्यांच्या पंगतीच्या नव्हत्या, हे ऐकणाऱ्याला कळतं. पण माईकशी बोलण्यात त्या त्यांच्या पुढे आहेत असं माझं मत आहे. टेंब्यांचा आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेला शोधत जातो. दुर्गाबाईंनी कुणीही न शिकवता ओळखलं होतं, की शेवटची रांग आता दोन हातांवर, फांदीमागे लपलेली आहे.

त्यांच्याकडे नाटकाची सवय नव्हती, आणि तीच बहुधा त्यांच्या पथ्यावर पडली. मूकपटाचा अनुभव म्हणावा तर तोही नावापुरताच. सासरचा पैसा बुडाला, पदरात दोन मुलगे, शिकवण्या करून भागेना, तेव्हा १९३१ मध्ये मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी एक लहानसं काम केलं होतं. मुळात तो मूकपटच, फक्त बोलपटाची हवा वाहू लागल्यामुळे त्याला बोलता तुकडा जोडलेला. चित्रपट पडला. गिरगावात जी छीथू झाली ती निराळीच. खानदानी घरातली लेक आणि सून पडद्यावर! पण तो पडलेला चित्रपट प्रभातच्या व्ही. शांताराम यांनी पाहिला होता, आणि तारामती शोधायला त्यांना मग फार हिंडावं लागलं नाही.

बोलपटाने आणखी एक कोडं आणलं होतं, भाषेचं. मूकपटाला भाषेची अडचण नसते. मधल्या पाट्या बदलल्या की तोच चित्रपट लाहोरलाही चालतो आणि मद्रासलाही. बोलू लागल्याबरोबर सिनेमा एका प्रांतात कोंडला गेला. प्रभातचा उपाय सरळ आणि घाम काढणारा होता. प्रत्येक प्रसंग दोनदा घ्यायचा, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. ‘अयोध्या का राजा’ तर मराठीच्या आधी, जानेवारी १९३२ मध्येच झळकला. आता या बाईची स्थिती बघा. घरी कोकणी, शाळेत इंग्रजी, गल्लीत मराठी आणि सेटवर दिवसभर आळीपाळीने मराठी-हिंदी. तोच हुंदका दोन भाषांत, तेवढ्याच ओलाव्याने. यंत्र तिला दुसऱ्या खेपेला काही सूट देत नव्हतं.

१९३२ मध्येच प्रभातचा ‘माया मच्छिंद्र’ आला. त्यात त्या राणी आहेत आणि राणीपाशी एक चित्ता आहे, जिवंत. कोल्हापूर दरबारात शिकारीचे चित्ते पाळायचा मोठा षोक होता, त्या गावात ही गोष्ट कुणाला फार विचित्र वाटली नसेल. मला मात्र तो चित्ता पाहिला की माईकचीच काळजी वाटते.

पुढची वर्षं त्या एका कंपनीच्या पगारी नोकर होऊन राहिल्या नाहीत. तेव्हा नटनट्या महिन्याच्या पगारावर कंपनीला बांधलेल्या असत. दुर्गाबाई कोल्हापूरहून कलकत्त्याला गेल्या, तिथे देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’त आणि १९३४ च्या ‘सीता’त काम केलं. ‘सीता’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. तिथून परत प्रभातकडे, आता पुण्यात, ‘अमर ज्योती’साठी. १९३६ च्या या चित्रपटात त्या समुद्रावर लूटमार करणाऱ्या टोळीची सरदारीण सौदामिनी आहेत, अन्याय करणाऱ्या राज्यावर सूड घेणारी. हाही व्हेनिसला गेला. हरिश्चंद्रामागे मुकाट्याने चालत जाणारी तारामती आणि पुरुषांना हुकूम सोडणारी सौदामिनी यांच्यात जेमतेम चार वर्षं आहेत. १९३७ मध्ये त्यांनी ‘साथी’ स्वतः काढला.

‘अमर ज्योती’च्या आधीच्या वर्षी कलकत्त्यात आणखी एक उलथापालथ झाली होती. न्यू थिएटर्सच्या नितीन बोस यांनी गाणी आधी मुद्रित करून घेतली आणि चित्रण करताना ती वाजवून नटांना नुसते ओठ हलवायला सांगितले. हिंदीत तो चित्रपट ‘धूप छाँव’. आज ही बाब इतकी अंगवळणी पडली आहे की तिचं नवल वाटत नाही. पण विचार करा, माणसाचा गळा आणि माणसाचा चेहरा यांची त्या दिवशी कायमची फारकत झाली. एका देहाला दुसऱ्याचा आवाज चिकटवता येऊ लागला. ज्यांची सगळी मदार गळ्यावर होती अशा गाणाऱ्या नटनट्यांची सद्दी हळूहळू ओसरली. दुर्गाबाईंचं काही अडलं नाही, कारण त्यांचं नाणं गाण्याचं नव्हतंच, बोलण्याचं होतं. आणि बोलण्याला अजून तरी कुणी दुसरा गळा लावत नव्हतं.

म्हणूनच वयाच्या चाळिशीआधी त्या थोराड भूमिकांत उतरल्या तरी ओसरल्या नाहीत. अत्र्यांच्या ‘पायाची दासी’त, १९४१ मध्ये, त्यांनी छळवादी सासू उभी केली. पाठोपाठ विजय भट्टांच्या ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी. सात-आठ वर्षांपूर्वीची सीता आता रामाला वनवासात धाडत होती. मधल्या काळात त्या मराठी रंगभूमीवरही ठाण मांडून होत्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या ‘भाऊबंदकी’त आनंदीबाई झाल्या. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’चं ‘राजमुकुट’ केलं, त्यात नानासाहेब फाटकांसमोर मॅकबेथची बायको झाल्या. रंगभूमीवरची शेवटची रांग लांब आहे हेही त्यांना ठाऊक होतं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९५८ मध्ये मिळाला.

मग ‘मुघल-ए-आझम’. चित्रपट १९६० च्या ऑगस्टमध्ये मराठा मंदिरला लागला, तो वर्षानुवर्षं रखडत. के. आसिफ यांनी प्रसंग हिंदीत, तमिळमध्ये आणि इंग्रजीत असे तीन-तीनदा घ्यायचा घाट घातला होता. वाचणाऱ्याला ही हौस अचाट वाटेल. दुर्गाबाईंना मात्र कोल्हापूर आठवलं असेल. त्यांची जोधाबाई नीट ऐका. समोर पृथ्वीराज कपूर अकबर म्हणून मेघासारखे गडगडत असतात. त्या गडगडाटाला टक्कर द्यायच्या भानगडीत त्या पडत नाहीत. आवाज खाली उतरवतात. नवरा आणि मुलगा यांच्यात चिरडली जाणारी बाई मोठ्याने बोलत नाही, तिचे शब्द वाक्याच्या शेवटाला थकतात. आणि हेच पृथ्वीराज १९३४ च्या ‘सीता’त त्यांचे राम होते! सव्वीस वर्षांनी राम अकबर झाला, सीता जोधाबाई. मधल्या काळात माईक कितीतरी तल्लख झाला होता, आता कुजबुजही टिपत होता. दुर्गाबाईंनी त्याचा पुरेपूर फायदा घेतलेला दिसतो.

रंगीत सिनेमाच्या काळातल्या दुर्गाबाई बहुतेकांच्या ओळखीच्या आहेत. ‘आनंद’मधली आई, ‘अभिमान’मधली मावशी, ‘बॉबी’तली गोव्याची आजी, ‘कर्ज’मधली मुलाची वाट पाहणारी म्हातारी. ‘बिदाई’साठी फिल्मफेअर मिळालं. या भूमिकांविषयी मी फार लिहीत नाही. चांगल्या आहेत, काही तर फारच चांगल्या. पण आई-आजीच्या त्या साच्यात सौदामिनी मावणारी नव्हती, आणि हिंदी सिनेमाने तिला दुसरा साचा दिला नाही.

त्यांनी तो स्वतःच दुसरीकडे शोधला होता. पडद्यावर आजी होत असताना पडद्यामागे त्या निर्मात्या झाल्या होत्या. आधी फॅक्ट फिल्म्स आणि मग दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. लघुपट, माहितीपट, जाहिराती. आणि मग दूरदर्शन.

दूरदर्शनच्या पडद्याचा हिशेब पुन्हा वेगळा. सिनेमात अख्खं चित्र एकदम पडद्यावर पडतं. त्या काळच्या टीव्हीत चित्र असं कधी नसेच. काचेच्या आतून एक इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे रेघा ओढत खाली यायचा. आपल्याकडच्या पद्धतीत अशा ६२५ रेघांची एक चौकट आणि सेकंदाला २५ चौकटी. कुठल्याही क्षणी काचेवर खरं तर एक चमकता ठिपकाच असायचा. बाकीचा चेहरा आपल्या डोळ्यांच्या आळशीपणावर उभा. एवढ्याशा, रेघारेघांच्या पडद्यावर राजवाडे आणि सैन्य शोभत नाहीत. तिथे चालतो तो चेहरा, स्वयंपाकघर आणि माणसाचं बोलणं. दिवाणखान्यातल्या खोक्यातून येणारा माणूस शेजाऱ्याच्या आवाजात बोलायला हवा.

१९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘वागळे की दुनिया’ सुरू झाली. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाच्या जातीचा एक कारकून, त्याची बायको राधिका आणि मुलं. दिग्दर्शन कुंदन शाह यांचं, वागळे म्हणजे अंजन श्रीवास्तव, राधिका भारती आचरेकर. एका भागात गाडीने वागळ्यांना धडकणारा पोरगेला तरुण दिसतो, तो शाहरुख खान. निर्मिती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. तेव्हा दुर्गाबाई त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्या कार्यक्रमात ओरडणारं कुणी नाही. वागळे कुरकुरतो, राधिका पुटपुटते, आणि अर्धा देश हसतो. त्यातलं किती काम प्रत्यक्ष त्यांनी पाहिलं असेल ते असो. पण ज्या बाईने दावणीच्या माईकसमोर बोलायला सुरुवात केली तिच्या नावाच्या पाटीखाली इतकं हळू बोललं जावं, याची मला फार मौज वाटते.

‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र १९८२ मध्ये आलं. ते मिळालं तर जरूर वाचा. शांता गोखल्यांनी त्याचा इंग्रजी अनुवादही केला आहे. पद्मश्री १९६८ मध्येच मिळाली होती. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला. ज्या फाळक्यांना तारामती करायला एक बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा! २२ सप्टेंबर १९९१ रोजी अलिबागला त्या गेल्या.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज शिल्लक नाही. ‘अयोध्येचा राजा’ मात्र आहे, आणि म्हणून तो आपल्याला ऐकायला मिळणाऱ्या सर्वांत जुन्या भारतीय बोलपटांपैकी एक आहे. तो पाहाल तेव्हा कानाला हेडफोन लावून पाहा. तारामती बोलू लागली की मागे सतत एक खरखर ऐकू येईल. ती खरखर म्हणजे त्या अडीच मिलिमीटरच्या पट्टीवर पडलेले ओरखडे आणि बसलेली धूळ. यंत्राला ओरखडा आणि हुंदका वेगळे कळत नाहीत, पट्टीवर जे असेल ते सगळं ते वाचून दाखवतं. कुणी ती खरखर पुसून लख्ख केलेली प्रत पुढे केली, तर एकदा जुनीही ऐकाच.